लिव्हरवरच्या हाताला थांबवायचा हक्क द्या: लहान अम्युझमेंट पार्कचा कारभार कसा बदलावा

माझे बाबा जॉबर होते. सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगते, पॉवरलूमच्या शेडमध्ये माग बिघडला की तो चालू करून देणारा माणूस म्हणजे जॉबर. साखर पेठेतल्या त्यांच्या शेडमध्ये बावीस माग एकदम खडखडायचे. शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागे. तरी बाबा दारातून आत येता येताच थबकायचे आणि म्हणायचे, "सात नंबरचा धोटा नीट जात नाहीये." बघावं तर खरंच तसं असायचं. डबा द्यायला जायचे तेव्हा मी हे किती तरी वेळा पाहिलंय. त्या सात नंबरवर सकाळपासून उभा असलेल्या विणकरालाही तो आवाज कळलेला असायचा. पण तो बोलायचा नाही. माग थांबला की त्याची मजुरी थांबायची.

त्या विणकराचं हे न बोलणं मला पुढे पार्कमध्ये पुन्हा भेटलं. गेली बावीस वर्षं मी सोलापूरजवळच्या एका लहान अम्युझमेंट पार्कमध्ये आहे. आधी तिकीट खिडकी, मग हिशेब, आणि २०१३ पासून सगळा कारभार. नऊ राइड्स, पाण्याचे दोन तलाव, सीझनला चाळीसेक माणसं. तालुक्याच्या गावात, एखाद्या रिसॉर्टवर किंवा नगरपालिकेच्या बागेत ज्यांच्या हातात असा कारभार नुकताच आला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मोठ्या पार्कांकडे सल्लागार असतात, छापील पुस्तिका असतात. आपल्याकडे माणसं असतात, आणि त्यांना बरंच काही माहीत असतं. ते त्यांच्या तोंडून बाहेर कसं येईल, एवढंच बघायचं असतं.

पहिला महिना हात लावू नका

कारभार मिळाला की हात शिवशिवतात. गणवेश बदलावा, पाट्या बदलाव्यात, दोन जणांना काढावं असं वाटतं. महिनाभर यातलं काही करू नका. एक प्लास्टिकचं स्टूल घ्या आणि प्रत्येक राइडपाशी एक अख्खा दिवस बसा. गेट साडेदहाला उघडत असेल तर तुम्ही साडेसातला या. खरं काम गेट उघडायच्या आधीच होतं, किंवा होत नाही.

मी अशी बसले तेव्हा दिसलं की ग्रीस मारणारा मुलगा आकाशपाळण्याचे खालचेच निपल, म्हणजे ग्रीस भरायची तोंडं, भरतो, वरचे सोडतो. मला वाटलं, आळशी आहे. तिसऱ्या दिवशी त्याला विचारलं. तो म्हणाला, "अक्का, शिडी स्टोअरमध्ये आहे. स्टोअरची किल्ली मालकांच्या घरी असते." शिडी चोरीला जाईल म्हणून कुलूप, किल्ली शहरात, आणि ही व्यवस्था चार वर्षं चालू. मधल्या काळात वरच्या बेअरिंगला ग्रीस किती वेळा मिळालं असेल, देव जाणे. मी किल्लीची दुसरी प्रत काढली. खर्च चाळीस रुपये. त्या चाळीस रुपयांनी माणसं माझ्याकडे जितकी वळली, तितकी नंतर कुठल्या भाषणानं वळली नाहीत.

म्हणून कोणाचं काम अपुरं दिसलं तर "का केलं नाहीस?" असं विचारू नका. "हे करायला काय आडवं येतं?" असं विचारा. दहातल्या आठ वेळा काही तरी खरोखरच आडवं आलेलं असतं.

माझ्या हातून झालेली चूक

२०१४ च्या मे महिन्यातला रविवार. उन्हाळी सुट्टी, बाहेर तिकिटाची रांग पार्किंगपर्यंत. आमच्या कोलंबसवर, म्हणजे त्या मोठ्या झुलत्या होडीवर, एक मामा होते. पंचावन्न वर्षांचे, अक्कलकोटकडचे, मराठीपेक्षा कानडी अधिक मोकळं बोलणारे. दुपारी मला म्हणाले, "अक्का, पाचव्या रांगेचा दांडा हाताला हलका लागतोय." मी रांगेकडे पाहिलं आणि म्हणाले, "मामा, आजचा दिवस काढा. उद्या बघू."

त्यानंतरच्या चौथ्या फेरीत होडी वर गेली आणि पाचव्या रांगेचा, बसणाऱ्यांच्या मांडीवर अडकवायचा दांडा उघडला. तिथे एक गृहस्थ होते आणि त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी. त्यांनी तिला हातानं मागे दाबून धरलं. मामांनी त्याच क्षणी ब्रेक मारला, पण झुलती होडी जागच्या जागी थांबत नाही. तिची झेप कमी होत होत ती थांबते. आमच्या होडीला तेव्हा अठरा सेकंद लागायचे. ते अठरा सेकंद मी खाली उभी होते. कोणाला खरचटलंही नाही. ते गृहस्थ उतरले, मुलीला पाणी पाजलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि निघून गेले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी दांडा उघडला. आतल्या दातेरी पट्टीचे दोन दात झिजून गोल झाले होते आणि खटक्याची स्प्रिंग ढिली पडली होती. मामांच्या हाताला हे आधीच कळलं होतं. माझी मोठी चूक ही की मी त्यांना परवानगी मागायला लावली. पुढे मी जे काही बदललं ते सगळं इथून सुरू झालं.

थांबवायचा हक्क: नुसती पाटी लावून भागत नाही

दुसऱ्या दिवशी प्रत्येक पॅनेलवर रंगवून घेतलं: "शंका आली की थांबवा. विचारू नका." मराठीत, कानडीत आणि तेलुगूत. सोलापुरात या तिन्ही भाषा एका चहाच्या टपरीवर ऐकू येतात. घाबरलेला माणूस आपल्या घरच्या भाषेत विचार करतो, म्हणून सूचनाही त्या भाषेत हवी.

पाटी लावली तरी वर्षभरात वहीत थांबवल्याच्या जेमतेम चार नोंदी झाल्या. एवढा पार्क, एवढी गर्दी, आणि शंका चारच? मग मी खोलात गेले. पाटीच्या मागे तीन गोष्टी पक्क्या नसतील तर पाटी ही नुसती भिंत रंगवणं आहे.

पहिली, थांबवणं कोणीही करावं, सुरू करणं मात्र कोणी एकट्यानं करू नये. तिकीटवाली मुलगी, झाडूवाल्या मावशी, कोणीही लाल बटण दाबू शकतं. पुन्हा चालू करायला फिटर आणि सुपरवायझर दोघांची सही हवी. फिटर आत काम करत असेल तोवर मुख्य स्विचला त्याचं स्वतःचं कुलूप, किल्ली त्याच्याच खिशात. हे कुलूप कधीही सैल सोडू नका. माणूस आत असताना बाहेरून कोणी तरी मोटार चालू करतो आणि मग जे होतं ते सांगवत नाही.

दुसरी, थांबवल्यावर तुमच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य. "काय झालं रे? का थांबवली?" हे वाक्य माणसाला गुन्हेगार करतं, विशेषतः वर शंभर जण बघत असताना. मी सगळ्या सुपरवायझरांकडून एकच वाक्य घोटून घेतलं: "बरं केलंस. काय दिसलं?" शंका खोटी निघाली तरी हेच. एका नव्या पोरानं आठवड्यात चार वेळा आकाशपाळणा थांबवला, चारही वेळा काही नव्हतं. बाकीचे हसायला लागले. मी फिटरला दोन दिवस त्याच्याजवळ उभं केलं. तेव्हा कळलं की वारा आला की वरचा पाळणा जेवढा नेहमी हलतो तेवढंही त्याला भीतीदायक वाटत होतं. किती हलणं रोजचं आणि किती जास्त, हे त्याला कोणी दाखवलंच नव्हतं. आज तो आमचा सगळ्यात भरवशाचा ऑपरेटर आहे.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि इथे मला चार वर्षं लागली. आमच्याकडे ऑपरेटरला दिवाळीला मिळणारा बोनस फेऱ्यांवर होता. जितक्या फेऱ्या जास्त, तितका बोनस जास्त. म्हणजे पुन्हा तोच माग, तोच विणकर. दांडे घाईत लावा, पिना नुसत्या नजरेनं बघा, फेरी सोडा. मी मालकांना दर वर्षी सांगत होते आणि ते दर वर्षी "पुढच्या वर्षी बघू" म्हणत होते. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि पार्कच्या तिकिटावर २८ टक्के कर बसला. ते सहा-सात महिने फार ओढाताणीचे गेले. तेव्हा मी विषयच काढला नाही. जानेवारी २०१८ मध्ये तो कर १८ टक्क्यांवर आला. त्याच आठवड्यात मी वही घेऊन मालकांच्या घरी गेले. माणसाच्या छातीवरचा दगड उतरलेला असतो तेव्हा तो ऐकून घेतो. आपला मुद्दा कितीही खरा असो, वेळ बघून मांडावा.

आता बोनस फेऱ्यांवर नाही. अर्धा हजेरीवर आणि अर्धा सकाळच्या तपासणीच्या नोंदींवर आहे. राइड थांबवल्यामुळे कोणाचा एक रुपया कापला जात नाही. तो बदल झाल्यावर थांबवल्याच्या वहीला त्याच वर्षी दुसरी वही जोडावी लागली. मालक घाबरले, म्हणाले, "इतके बिघाड?" मी म्हणाले, "बिघाड तेवढेच आहेत साहेब, आता ते आपल्याला कळायला लागलेत."

सकाळच्या तपासणीत टिक नको, आकडा हवा

जुने रजिस्टर उघडा आणि शाई बघा. आमच्याकडे महिन्याच्या तीस पानांवर एकाच पेनच्या, एकाच तिरक्या हाताच्या टिका होत्या. कोणी तरी महिनाअखेरीस एका बैठकीत भरल्या होत्या. दोष त्या माणसाचा नाही. "बेअरिंग ठीक? होय/नाही" असं विचारलं की माणूस होयच म्हणतो.

मी प्रश्न बदलले. मोटार रिकाम्या फेरीत किती अँपिअर घेते? ब्रेक मारल्यापासून थांबेपर्यंत किती सेकंद? बेअरिंगच्या हाउसिंगचं, म्हणजे बाहेरच्या कवचाचं, तापमान किती? एकूण आर पिन, म्हणजे सीट अडकवणाऱ्या तारेच्या पिना, किती मोजल्या? आकडा लिहायचा तर मीटरपुढे जावंच लागतं. कोणी मनानं लिहिलाच तर आठवड्यात उघडं पडतं, कारण खरे आकडे रोज थोडे वरखाली होतात आणि मनातले रोज सारखेच राहतात.

यातून काय मिळतं ते सांगते. आमच्या टोरा टोराची, म्हणजे त्या गोल फिरणाऱ्या राइडची, मोटार रिकाम्या फेरीत चौदा अँपिअरच्या आसपास घ्यायची. एका पावसाळ्यात ते पंधरा, साडेपंधरा, सोळा असं तीन आठवड्यांत चढत गेलं. आवाज काही नाही, लोक मजेत. फिटरनं लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक हाउसिंगवर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला. मलाही ऐकवलं. चांगलं बेअरिंग एकसारखं घोंगावतं. याच्यात मधूनच बारीक वाळू रगडल्यासारखं होत होतं. उघडलं तर आतल्या पिंजऱ्याला तडा होता. बाबांची फार आठवण आली.

रिकामी फेरी हा शब्दही नीट समजावून द्या. रिकामी म्हणजे एक फेरी मारून चहाला जाणं नव्हे. किमान तीन फेऱ्या. पहिलीत कानानं, दुसरीत डोळ्यानं एकेक सीट मोजत, तिसरीत मधेच ब्रेक मारून. आर पिन ही बोटाएवढी तार वाकवून केलेली वस्तू, बाजारात दहा-वीस रुपयांना मिळते, पण अख्खी सीट तिच्यावर टांगलेली असते. ती बसली आहे असं बघून कळत नाही. बोटानं फिरवून बघावी लागते. आम्ही पिनांच्या डोक्यांना पिवळा रंग दिला. पिन नसेल तिथे पिवळं दिसत नाही, आणि डोळ्याला ते लगेच टोचतं.

दरवर्षी माणसांना गड्ड्यावर न्या

सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा, म्हणजे आमची मोठी जत्रा, जानेवारीत होम मैदानावर भरतो. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता, होम, शोभेचं दारूकाम, आणि बाजूला पाळण्यांचं गाव. लहानपणी मी तिथे हातानं ढकलायचा चार पेट्यांचा लाकडी पाळणाही पाहिला आहे. १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात फेरिस नावाच्या इंजिनिअरनं २६४ फुटांचं चाक उभं केलं आणि तेव्हापासून जगभर त्याला त्याचं नाव पडलं. आपल्या जत्रेतला पाळणा मात्र पाळणाच राहिला.

कायमच्या पार्कवाल्यांना वाटतं की जत्रेवाले कच्चे आणि आपण पक्के. मलाही वाटायचं. एकदा गड्ड्याच्या आधी मैदानावर गेले तर एक कुटुंब पाळणा उभारत होतं. गोणपाटावर बोल्ट मापाप्रमाणे रांगेनं मांडलेले. म्हातारे वडील एकेक बोल्ट उचलत, आट्यांवरून नख फिरवत आणि मग पोराच्या हातात देत. एक बाजूला टाकला. मी विचारलं, "याला काय झालं?" म्हणाले, "मान बारीक झालीय, ताई." मला काही दिसलं नाही. त्यांनी दुसरा शेजारी धरला तेव्हा दिसलं.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जत्रेचा पाळणा वर्षातून कित्येकदा पूर्ण सुटतो. त्याचा प्रत्येक बोल्ट कोणाच्या तरी हातातून जातो. आमचा पाळणा त्याच्या दहा वर्षं आधी सिमेंटमध्ये बसवलेला, त्यावर रंगाचे पाच थर चढलेले, आणि त्या रंगाखाली काय चाललंय हे कोणी बघितलेलं नव्हतं. कायमच्या राइडचा धोका तिच्या कायम असण्यातच आहे.

म्हणून आम्ही जूनमध्ये, शाळा उघडल्या की, दर वर्षी तीन राइड्स जत्रेत उतरवतात तशा उतरवतो. तीन वर्षांत सगळ्या होतात. रंग खरवडतो. जोडांवर तडा शोधायची सोपी पद्धत आहे, मोठ्या गावात ती करून देणारी माणसं मिळतात: वेल्डिंग स्वच्छ पुसायचं, लाल द्रव फवारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, पुसून काढायचं आणि वर पांढरी पावडर फवारायची. तडा असेल तर पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटते. ही रेघ उमटताना ऑपरेटरला शेजारी उभं करा. मामांनी ती पाहिली आणि बराच वेळ हात जोडून उभे राहिले.

जाड दांड्याच्या आतला दोष मात्र या पद्धतीनं दिसत नाही. त्याला अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनिलहरींची तपासणी लागते. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरियाला झुलत्या राइडचा मुख्य दांडा तुटून दोघांचा जीव गेला. ती बातमी मी सकाळच्या बैठकीत वाचून दाखवली आणि कोलंबस त्याच दिवशी बंद केला. मुख्य दांड्याची तपासणी होईपर्यंत नऊ दिवस बंद होता. शनिवार-रविवार त्यात गेले. मालक एक शब्द बोलले नाहीत.

पाणी आणि ऊन

सोलापूरच्या उन्हाळ्याबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असतो आणि आमचा निम्मा धंदा त्याच दिवसांत होतो. शहरात मात्र नळाला काही दिवसांआड पाणी येतं. ज्यांच्या घरी पिंप भरून ठेवतात त्यांच्यासमोर आपण पाण्याच्या घसरगुंड्या चालवतो. याची लाज वाटत नसेल तर पार्क चालवू नये. आम्ही गेटवर फळा लावला: आज तलावात नवं पाणी किती घातलं, फिल्टर धुतल्याचं पाणी कुठे गेलं. ते पाणी झाडांना जातं. तलाव रोज रिकामा करत नाहीत, तेच पाणी गाळून फिरवतात, हे लोकांना माहीत नसतं. फळा लागल्यावर तक्रारी कमी झाल्या आणि आमची माणसंही पाइप उघडा सोडून जाईनाशी झाली.

उन्हात क्लोरीन उडून जातं. सकाळी आठला मोजलं आणि ठीक आहे म्हणून दिवस काढला तर दुपारी तीनला, गर्दी सगळ्यात जास्त असते तेव्हा, पाणी नुसतं निळं दिसतं, स्वच्छ नसतं. मुक्त क्लोरीन १ ते ३ पीपीएम (म्हणजे दहा लाखांत तेवढे भाग) आणि पीएच ७.२ ते ७.८ यांत ठेवा, आणि दर दोन तासांनी मोजा. पीएच ८ च्या वर गेला की क्लोरीन असूनही त्याचं बळ उतरतं. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, पीएच वरच पळतो. पंप आणि ओल्या जागेच्या प्रत्येक सर्किटला ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारं स्विच, हवंच, आणि त्याचं टेस्ट बटण दर आठवड्याला दाबून ते पडतं का बघा.

माणसांचं ऊन कोणी मोजत नाही. पत्र्याखाली पॅनेलवर सलग सहा तास उभा राहिलेला माणूस चारच्या सुमारास नुसता बघत असतो, त्याला दिसत काही नसतं. आम्ही दीड तासाला माणूस बदलतो, मध्ये ताक देतो. दोन माणसं जादा ठेवावी लागली. ठेवा.

वैशाखातला वळीव वेगळा. ढग दिसला की वारा पाच मिनिटांत येतो. आकाशपाळण्याच्या पुस्तिकेत वाऱ्याची मर्यादा लिहिलेली असते, पण ती गाठेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. आमच्या पाळण्याला वीस पेट्या. एक पेटी उतरवायला अर्धं मिनिट, म्हणजे दहा मिनिटं. शिवाय एका बाजूच्या सगळ्या रिकाम्या करून चालत नाही, तोल जातो. समोरासमोरच्या पेट्या आळीपाळीनं रिकाम्या कराव्या लागतात. म्हणून धूळ उडाली की उतरवायला सुरुवात, हा निर्णय ऑपरेटरचा.

पाहुण्यांसमोर आपल्या माणसाला खाली पाडू नका

उंचीची पट्टी एकशेवीस सेंटिमीटरवर आहे, पोरगं एकशेसतरा. वडील म्हणतात, "आमचा घाबरत नाही हो." उंचीचा भीतीशी संबंध नाही. त्या उंचीखालच्या मुलाला दांडा मांडीवर नीट बसत नाही आणि ते खालून सरकू शकतं. हे प्रेमानं सांगा. पण ते चिडून तुमच्या केबिनमध्ये आले आणि तुम्ही "जाऊ दे रे, बसव" म्हणालात, तर त्या दिवसापासून तुमचा ऑपरेटर कोणालाही अडवणार नाही. मी एकदाही तसं केलेलं नाही, आमदारांच्या पाहुण्यांसाठीसुद्धा नाही. आम्ही उंची गेटवरच मोजतो आणि रंगीत पट्टी मनगटाला बांधतो. रांगेत अर्धा तास उभं राहून शेवटी नकार मिळाला तर पोराचं रडणं खरंच असतं. तो राग आपणच ओढवून घेतलेला असतो.

पॅनेलवर बायका ठेवायला सुरुवात केली तेव्हाही हेच लागलं. पहिल्या मुलीला एका गिऱ्हाइकानं विचारलं, "इथला माणूस कुठेय?" मी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले आणि तिलाच उत्तर देऊ दिलं. ती म्हणाली, "मीच आहे, बसा." तिनंच पुढे एकदा मेरी गो राऊंडवर लोंबती ओढणी पाहून राइड थांबवली. बाकी कोणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

बंद पडलेले दिवस

मार्च २०२० मध्ये कुलूप लागलं ते २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर निघालं. होम मैदानही त्या वर्षी सुनं होतं. या काळात दोन गोष्टी शिकले. उभ्या मशीनचं बेअरिंग एकाच जागी भार सोसून खराब होतं, म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक राइड फिरवावीच. आणि उभ्या माणसांचंही तसंच होतं. कोणी भाजी विकली, कोणी युनिफॉर्मच्या शिलाईवर गेलं. मी दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाला फोन करायचे, काम नसलं तरी. उघडल्यावर बहुतेक परत आले. आल्यावर आठ दिवस पाहुणे नाहीत, फक्त रिकाम्या फेऱ्या. हात विसरलेले असतात.

२५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनला आग लागली, मुलांसह किती तरी जण गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या आतल्या खेळांच्या हॉलचं मागचं दार उघडायला गेलो. त्याच्यामागे खुर्च्यांची थप्पी होती. तेव्हापासून दर सोमवारी एक जण डोळे मिटून, भिंतीला हात लावत मागच्या दारापर्यंत जातो. पोहोचला नाही तर हॉल उघडत नाही. वेल्डिंगचं काम पाहुणे आत असताना कुठेही होत नाही.

नवी राइड घ्यायची असेल तर थोडक्यात: रंग आणि दिवे शेवटी बघा. आधी पुस्तिका, पायाचा नकाशा, जोडांच्या तपासणीचे कागद आणि सुटे भाग कुठे मिळतील ते विचारा. आयएसओ १७८४२ हे या राइड्सचं मानक आहे. त्याचे तीन भाग आहेत, बांधणीचा, चालवण्याचा आणि तपासणीचा. विक्रेता पहिल्याबद्दल बोलेल, तुम्ही तिसऱ्याबद्दल विचारा. जुनी राइड घेताना पुस्तिका नसेल तर स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. इंडियन असोसिएशन ऑफ अम्युझमेंट पार्क्स अँड इंडस्ट्रीज या संघटनेच्या प्रदर्शनाला एकदा जाऊन या, आणि जाताना फिटरला बरोबर न्या. मालकाला नेलं तर मालक दिवे बघतो.

आपली खुर्ची रिकामी करायला लागा

मी पुढच्या वर्षी निवृत्त होते आहे. गेली दोन वर्षं सकाळची बैठक मी घेत नाही, आमचा तरुण फिटर घेतो. मी मागे बसते. सुरुवातीला सगळे बोलताना त्याच्याकडे बघायचे आणि वाक्य संपलं की माझ्याकडे. मी मान खाली घालून वहीत लिहीत राहायचे. हे फार जड गेलं. तो एखादी गोष्ट चुकीच्या क्रमानं करतोय हे दिसत असताना गप्प बसायचं, जोवर कोणाला इजा होणार नाही तोवर. सहा-सात महिन्यांनी ती माझ्याकडे वळणारी नजर थांबली.

गेल्या महिन्यात शाळेच्या सहलीच्या चार बस येणार होत्या. त्या सकाळी मी गेटमधून आत आले तर टोरा टोरासमोर दोरी बांधलेली आणि पाटी: "आज बंद. अँपिअर वाढले आहेत." मला कोणी फोन केला नव्हता. मी पाटी वाचली, सहलीच्या सरांना कोणती दुसरी राइड द्यायची ते बघायला तिकीट खिडकीकडे गेले, तर तेही त्यानं आधीच लिहून ठेवलं होतं.